ड्रमसेट घेण्याआधी कानांचा हिशेब

दिवाळीनंतर गोंदिया-भंडारा भागात मंडईचे दिवस येतात. रात्रभर दंडार आणि नाटके रंगतात. लग्नसराईत वरातीपुढे धुमाल पार्टी असते. महाशिवरात्रीला नागरा येथील प्राचीन शिवमंदिरात यात्रा भरते. इथली मुले तालवाद्ये ऐकतच मोठी होतात. त्यांतल्या एखाद्याने ‘मला ड्रम शिकायचा आहे’ म्हटले तर नवल नाही. आता तर मोबाइलवर शोधले की दहा-पंधरा हजारांत नवशिक्यांचा ड्रमसेट घरपोच मिळतो. घेताना आपण किंमत पाहतो, रंग पाहतो, ड्रम किती आणि झांजा किती ते मोजतो. कानांचे काय, हा प्रश्न मात्र विकणारा काढत नाही आणि घेणाराही विचारत नाही.

मुलाची हौस जरूर पुरवावी, असेच माझे मत आहे. ड्रम वाजवताना दोन हात आणि दोन पाय वेगवेगळे काम करतात, त्यासाठी मेंदूला चांगलीच कसरत करावी लागते. शरीरालाही कष्ट पडतात. ‘ब्लाँडी’ या बँडचे ड्रमर क्लेम बर्क यांचा इंग्लंडमधील संशोधकांनी अभ्यास केला, तेव्हा मैफलीत त्यांच्या हृदयाचे ठोके मिनिटाला सरासरी १४० ते १५० च्या घरात जात असल्याचे दिसले. तासन् तास मोबाइल घेऊन बसण्यापेक्षा हे केव्हाही चांगले. फक्त खर्चाचा क्रम बदलायला हवा. पहिला पैसा कानांवर, दुसरा सरावाच्या पॅडवर आणि मग उरलेला सेटवर.

यामागचे गणित सोपे आहे. ड्रम वाजवणाऱ्याच्या कानापाशी आवाज साधारण ९५ ते १०५ डेसिबल असतो. अधूनमधून बसणारे फटके त्याहून बरेच वर जातात. डेसिबलची मोजपट्टी साध्या फूटपट्टीसारखी नसते. तीन डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते आणि सुरक्षित वेळ निम्मा होतो. अमेरिकेतील ‘नायॉश’ या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलमध्ये दिवसाला आठ तास काम चालू शकते. १०० डेसिबलमध्ये फक्त १५ मिनिटे. हा हिशेबही प्रौढ कामगारांचा आहे. मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने ऐकण्याची मर्यादा आठवड्याला ४० तास आणि ७५ डेसिबल अशी आणखी खाली धरली आहे. आपला मुलगा रोज तासभर सराव करणार असेल, तर पहिल्या पाव तासातच तो ही मर्यादा ओलांडतो.

आपल्या आतल्या कानात सुमारे १५ हजार केसपेशी असतात. ध्वनीच्या लहरींचे मेंदूला कळणाऱ्या संदेशात रूपांतर त्याच करतात. त्या एकदा मेल्या की माणसाच्या कानात पुन्हा उगवत नाहीत. मोठ्या आवाजाने आधी ३ ते ६ हजार हर्ट्झच्या भागातील ऐकणे कमी होते. स, श, ट, क यांसारख्या व्यंजनांची ओळख बरीचशी याच उंच स्वरांवर अवलंबून असते. म्हणून अशा मुलाला शिक्षकांचा आवाज येतो, पण शब्द नीट कळत नाही. घरच्यांना वाटते, पोराचे लक्षच नसते. सरावानंतर कानात ‘कुंई’ असा आवाज येणे किंवा कापूस कोंबल्यासारखे वाटणे ही धोक्याची सूचना आहे. सकाळपर्यंत बरे वाटले म्हणजे सगळे ठीक झाले, असेही नाही. ऐकणे पूर्ववत झाल्यावरही कानातील चेतातंतूंच्या जोडण्या कायमच्या तुटलेल्या असू शकतात, हे २००९ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत दिसून आले.

‘आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या ढोल वाजतो, कुणाला काय झाले?’ असे यावर कुणी म्हणेल. पण ढोल मोकळ्या मैदानात आणि सणावाराला वाजतो. ड्रमसेट रोज वाजतो, तोही दहा बाय दहाच्या खोलीत, जिथे सिमेंटच्या भिंती आणि टिनाचे छप्पर आवाज परत कानावर आणून आदळतात. शेजारी अभ्यासाला बसलेल्या धाकट्या बहिणीच्या कानांवरही तो आदळतो. शिवाय म्हाताऱ्या वाजंत्र्याला कमी ऐकू येते, तेव्हा आपण ते वयावर ढकलून मोकळे होतो.

उपाय मात्र स्वस्त आहे. कारखान्यात कामगार कानांवर घालतात तो इअरमफ हजाराच्या आत मिळतो. त्याने आवाज १५ डेसिबलने जरी कमी झाला, तरी त्या १५ मिनिटांचे आठ तास होतात. फोमचे बोळे आणखी स्वस्त असतात, पण ते पिळून, कान वर आणि मागे ओढून आत नीट बसवावे लागतात. लहान मुलांना इअरमफच सोपा पडतो. कापसाच्या बोळ्याचा भरवसा धरू नये. गाणी ऐकण्याचे साधे हेडफोन लावून वाजवणे तर उलटे घातक, कारण ड्रमच्या वर ऐकू यावे म्हणून मुले गाण्याचा आवाज वाढवत नेतात.

त्यानंतर रबरी सरावपॅड आणि काड्यांची जोडी घ्यावी. पहिले तीन-चार महिने हाताचे बोल बसवायला एवढे पुरते. मुलाची गोडी टिकते का, हेही कळते. गोडी टिकली तर सेट. जुना सेट घ्यायला हरकत नाही. ड्रमचे गोल वाकलेले नाहीत आणि स्क्रू फिरतात एवढे पाहावे. स्वस्त सेटमधील पितळी झांजा कर्कश वाजतात, त्या पुढे बदलता येतात. स्टूल मात्र मजबूत आणि उंची बदलता येणारे हवे. बसल्यावर मांड्या गुडघ्यांकडे किंचित उतरत्या राहिल्या पाहिजेत, नाहीतर पाठ दुखू लागते. इलेक्ट्रॉनिक सेट शेजाऱ्यांना सोयीचा. त्यातही हेडफोनचा आवाज मोठ्यांनी ठरवून द्यावा.

शेजाऱ्यांचाही विचार हवा. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. घरातील वाद्याचा आवाज घराच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा पाच डेसिबलहून जास्त वाढता कामा नये. रात्री १० ते सकाळी ६ हा वेळ तर पूर्ण वर्ज्य समजावा. ड्रमवर जुने टॉवेल आणि खाली जाड सतरंजी टाकली, तरी बराच फरक पडतो. दहावी-बारावीच्या परीक्षेच्या दिवसांत पॅडवरच सराव करावा.

दुचाकी विकताना सोबत हेल्मेट द्यावे, असा केंद्रीय मोटार वाहन नियम आहे. नवशिक्यांच्या ड्रमसेटसोबत इअरमफ देण्याची प्रथा दुकानदारांनी स्वतःहून सुरू करावी. शिकवणाऱ्यांनी इअरमफशिवाय मुलाला सेटवर बसू देऊ नये. आणि नागऱ्यासारख्या गावात दहा घरांनी दहा स्वस्त सेट घेण्यापेक्षा शाळेत किंवा समाजमंदिरात एक बरा सेट ठेवावा, घरोघरी पॅडवर सराव व्हावा. खर्च वाटला जाईल, गल्लीही शांत राहील.

तूर्त दहा हजारांचे बजेट असेल, तर त्यातले हजार रुपये आधी बाजूला काढा. सराव सुरू होण्यापूर्वी मुलाची श्रवणचाचणी करून घ्या आणि दर वर्षी ती पुन्हा करा. ड्रमचे फाटलेले पान बाजारात मिळते, कानातल्या केसपेशी मिळत नाहीत.