शस्त्रक्रियेची पात्रता कोणाच्या मापाने?

मधुमेहावर वजन घटविण्याची शस्त्रक्रिया हा धनिकांचा चोचला आहे, असे पुरोगामी वर्तुळातही सर्रास बोलले जाते. २०११ साली नितीन गडकरी यांनी मुंबईत ती करून घेतली तेव्हा, आणि २०१७ साली सुमारे पाचशे किलो वजनाच्या इमान अहमद या इजिप्ती महिलेला विमानाने मुंबईस आणले गेले तेव्हा, वृत्तपत्रांनी ज्या थाटात बातम्या छापल्या त्यामुळे हा ग्रह दृढच झाला. वस्तुस्थिती निराळी आहे.

या शस्त्रक्रियेत जठर लहान केले जाते. तिच्या एका प्रकारात अन्न लहान आतड्याच्या आरंभीच्या भागाला वळसा घालून पुढे नेले जाते. वजन फारसे उतरण्यापूर्वीच, काही दिवसांत, रक्तातील साखर खाली येऊ लागते. कारण इन्सुलिनला चालना देणारी आतड्यातील संप्रेरके अधिक स्रवतात. अमेरिकेत क्लीव्हलंड येथे दीडशे रुग्णांवर झालेल्या चाचणीचे पाच वर्षांचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. साखरेची सुमारे तीन महिन्यांची सरासरी दाखविणारा आकडा सहा किंवा त्याखाली आलेले रुग्ण केवळ औषधोपचार घेणाऱ्यांत शेकडा ५ होते. शस्त्रक्रियेच्या दोन प्रकारांत ते शेकडा २९ व २३ होते. हा हमखास इलाज नव्हे, परंतु चोचलाही नव्हे.

मग तो कोणाला मिळतो? विमा नियामक प्राधिकरणाच्या २०१९ च्या नियमांनुसार उंचीच्या मानाने वजन मोजणारा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, ४० असावा. अथवा ३५ असून सोबत आटोक्यात न येणारा मधुमेह किंवा तत्सम गंभीर विकार असावा. एरवी विमा कंपनीस खर्च नाकारता येतो. याउलट २०१६ च्या आंतरराष्ट्रीय संयुक्त निवेदनाने आशियाई मधुमेहींचा विचार २७.५ पासून व्हावा असे सांगितले आहे. पाच फूट पाच इंच उंचीच्या माणसाचा हिशेब केला तर नियमाची मर्यादा ९५ किलोंवर येते, वैद्यकाची ७५ किलोंवर. मधल्या वीस किलोंत आपले किती मधुमेही अडकले आहेत?

हा भेद केवळ कागदी नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचे व ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र छापले. दोघांचा निर्देशांक एकच, २२.३; शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. दिसायला सडपातळ, आतून चरबीयुक्त, अशी आपली घडण. तिची मुळे गर्भवतीच्या पोषणापर्यंत जातात, हे त्यांच्याच गटाच्या पुणे परिसरातील खेड्यांच्या अभ्यासातून पुढे आले. मुळा कारखान्याच्या सोनईत, कष्टकऱ्यांच्या वस्तीवर, ९५ किलोंचा मधुमेही सहसा दिसत नाही. (साखर पिकविणाऱ्या मुलुखात साखरेचा आजार, हा विनोद आता शिळा झाला.)

तथापि मर्यादा खाली आणा एवढीच मागणी केली तर ती खासगी रुग्णालयांच्या पथ्यावर पडेल. शस्त्रक्रियेचा खर्च काही लाखांत जातो, आणि ती झाली म्हणजे सुटका होत नाही. जन्मभर ब-१२, लोह व कॅल्शियम घ्यावे लागते, आहारात पुरेशी प्रथिने लागतात, ठरावीक काळाने रक्त तपासावे लागते. मुळातच रक्तक्षय असलेल्या शेतमजूर स्त्रीवर ही शस्त्रक्रिया करून तिला घरी धाडणे म्हणजे एक व्याधी काढून दुसरी देणे होय.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे देशात सुमारे दहा कोटी मधुमेही आहेत. ग्रामीण भागात प्रमाण ८.९ टक्के. या साऱ्यांना शस्त्रक्रियेच्या मेजावर नेणे शक्य नाही आणि इष्टही नाही. बहुसंख्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात नियमित तपासणी आणि खंड न पडता औषध हवे. अर्थशास्त्राच्या कोणत्याही हिशेबाने पहिला रुपया तेथेच गेला पाहिजे. परंतु औषधांनी ज्यांचे भागत नाही त्यांच्यासाठी जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात ही शस्त्रक्रिया विनामूल्य व्हावी, तिच्यासोबत पुढील जीवनसत्त्वांचा व तपासण्यांचा खर्चही शासनाने पत्करावा, आणि विम्याच्या अटीतील ३५ च्या जागी २७.५ यावे. तिन्ही गोष्टी एकत्रच मागितल्या पाहिजेत; शेवटची तेवढी मंजूर करणे सरकारला सर्वांत स्वस्त पडेल.