विश्लेषण : सोळा वर्षांच्या मुलाची श्रद्धा कोण ठरवणार? मुंबईतील दोन जुन्या खटल्यांतून काय कळते?

पोप लिओ चौदावे यांनी ७ सप्टेंबर २०२५ रोजी कार्लो अक्युटिस याला संत घोषित केले. १९९१ मध्ये जन्मलेला, कॉम्प्युटरची आवड असलेला हा मुलगा २००६ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने वयाच्या अवघ्या १५व्या वर्षी गेला. ‘मिलेनियल’ पिढीतला पहिला संत म्हणून त्याचे नाव जगभर पोहोचले. कार्लोच्या श्रद्धेला घरच्यांनी अडवले नाही. पण घरच्यांना मान्य नसलेली श्रद्धा एखाद्या किशोरवयीन मुलाने धरली तर? मुंबईने हा प्रश्न पावणेदोनशे वर्षांपूर्वीच पाहिला आहे, तोही चार वर्षांत दोनदा.

धनजीभाई नौरोजी कोण होते?

स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत शिकणारा हा पारशी मुलगा. आजचे विल्सन कॉलेज याच शाळेतून उभे राहिले. धनजीभाईने १ मे १८३९ रोजी बाप्तिस्मा घेतला. तेव्हा तो सतराच्या आतबाहेर होता. पारशी समाजात खळबळ उडाली. मुलाचा ताबा मिळावा म्हणून नातेवाईक मुंबईच्या तत्कालीन सुप्रीम कोर्टात गेले. मुलाला स्वतःचे बरेवाईट कळते, असे मानून कोर्टाने कुठे राहायचे याचा निर्णय त्याच्यावरच सोपवला. तो विल्सन यांच्याकडे गेला. पालकांनी या शाळेतून मुले काढून घेतली आणि ती ओस पडू लागली.

श्रीपत शेषाद्री प्रकरण काय होते?

सप्टेंबर १८४३ मध्ये नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत जेमतेम बारा वर्षांचा. तोही मिशनऱ्यांकडे राहायला गेला, त्यांच्याकडे जेवला. वडिलांनी कोर्टात धाव घेतली. या वेळी निकाल उलटा लागला. हे वय समजुतीचे नाही, असे धरून मुलाला वडिलांच्या ताब्यात देण्यात आले.

पण प्रश्न तिथे मिटला नाही. श्रीपतचा बाप्तिस्मा झाला नव्हता, तरी मिशनऱ्यांच्या पंक्तीला बसल्याने तो बाटला, असे सनातनी मंडळींचे म्हणणे होते. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनी मात्र त्याला प्रायश्चित्त देऊन परत घ्यावे, अशी बाजू घेतली आणि सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. मुलगा कोर्टाने घरी पाठवला होता; जातीचे दार मात्र त्याच्यासाठी सहज उघडायला तयार नव्हते.

दोघांच्या आठवणीत फरक का?

धनजीभाई १८४३ मध्ये विल्सन यांच्यासोबत स्कॉटलंडला गेले, धर्मशास्त्र शिकले आणि पाद्री होऊन परतले. १९०८ मध्ये त्यांचे निधन झाले. ‘फ्रॉम झोरोएस्टर टू ख्राइस्ट’ हे त्यांचे आत्मकथन १९०९ मध्ये प्रसिद्ध झाले. सोळा-सतराव्या वर्षी मनात काय चालले होते, हे त्यांनी स्वतः लिहिले. ते पटो वा न पटो, शब्द त्यांचे आहेत.

नारायण शेषाद्री यांचे काम तर बुलढाण्याच्या शेजारी झाले. संग्रामपूरच्या वाचकाला ही मुंबईची जुनी कज्जेदलाली वाटेल. पण जिल्ह्याची हद्द ओलांडली की लागणाऱ्या जालन्यात त्यांनी मिशनचे काम उभे केले आणि बेथेल ही वस्ती वसवली.

श्रीपतचे नाव मात्र आज जांभेकरांच्या चरित्रात ‘प्रकरण’ म्हणून येते. वडील, मिशनरी, न्यायाधीश, शास्त्री, संपादक असे सगळे त्याच्याविषयी बोलले. बारा वर्षांच्या त्या मुलाला काय वाटत होते, हे या गदारोळात मागे पडले. एकाची श्रद्धा चरित्र झाली, दुसऱ्याची वादाचा मुद्दा.

आज कायदा काय सांगतो?

राज्यघटनेचे कलम २५ सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य ‘सर्व व्यक्तींना’ देते. त्यात वयाची अट नाही. मात्र सज्ञान होण्याचे वय १८ आहे आणि तोवर पालकत्व आईवडिलांकडे असते. या दोन टोकांमध्ये दुवा सांधतो तो संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार. १९८९ च्या या करारात भारत १९९२ मध्ये सामील झाला. त्याचे कलम १४ मुलाच्या धर्मस्वातंत्र्याचा आदर करायला सांगते. मार्गदर्शनाचा अधिकार ते पालकांना देते, पण मुलाची समज जशी वाढेल तसे ते मार्गदर्शन बदलावे, अशी त्याची अपेक्षा आहे. म्हणजे समज एका वाढदिवसाला अचानक येत नाही, ती टप्प्याटप्प्याने वाढते, हे त्यात गृहीत आहे.

मग धडा काय?

पालकांची तेव्हाची भीती खोटी नव्हती. शाळा मिशनऱ्यांची, सत्ता इंग्रजांची; मुलावर प्रभाव कोणाचा, हा प्रश्न रास्तच होता. लहान वयात मोठ्यांच्या शब्दाला वजन असते, हे मिशनऱ्यांना लागू होते तसेच पालकांनाही. म्हणून बारा वर्षांच्या मुलाला घरी पाठवणे समजण्यासारखे आहे. खटकते ते एवढेच, की निकालानंतरही सगळे त्याच्यावरून भांडत राहिले. त्याच्याशी बोलणे कोणाला महत्त्वाचे वाटले नाही.

किशोरवयातली श्रद्धा खोल असू शकते. कार्लो आणि धनजीभाई ही त्याची दोन टोकांची उदाहरणे. ती बालिश म्हणून उडवून लावणे जितके चूक, तितकेच ती आपल्या पंथाचा झेंडा म्हणून मिरवणेही चूक. घरातल्या मुलाने वेगळी प्रार्थना सुरू केली, किंवा असलेली सोडली, तर पोलीस ठाणे, पंचायत किंवा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप गाठण्याआधी त्याला समोर बसवून ‘तुला असे का वाटते?’ एवढे विचारावे आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नये. धनजीभाईंना कोर्टाने ही संधी दिली. श्रीपतला ती घरातच मिळायला हवी होती.