पाळकाचा हिशेब घ्यायचा कुणी?

मराठी प्रोटेस्टंट घरांत चर्चच्या धर्मगुरूला 'पाळक' म्हणतात. शब्द प्रेमाचा आहे, पण त्यात एक गोम आहे. पाळक रोज मेंढरं मोजतो. मेंढरांनी पाळकाला मोजल्याचं कुणी ऐकलेलं नाही.

१२ नोव्हेंबर २०२४ रोजी चर्च ऑफ इंग्लंडचे सर्वोच्च धर्मगुरू, कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी राजीनामा जाहीर केला. अत्याचाराचं प्रकरण हाताळण्यात कसूर झाली म्हणून त्या गादीवरून उतरणारे ते पहिलेच. निमित्त होतं त्या प्रकरणाच्या चौकशीतून पाचच दिवसांपूर्वी आलेल्या मेकिन अहवालाचं.

त्यातला मुख्य माणूस जॉन स्माइथ. हा पाळक नव्हे, नामांकित बॅरिस्टर. श्रीमंतांच्या शाळांतल्या मुलांसाठी भरणाऱ्या ख्रिस्ती शिबिरांच्या ट्रस्टचा अध्यक्ष. इंग्लंडमधल्या विंचेस्टरमध्ये त्याच्या घरामागे बागेत एक शेड होती. बाहेर आवाज जाऊ नये अशी तिची बांधणी होती. मुलांना तिथे नेऊन 'पापक्षालना'साठी रक्त येईपर्यंत छडीने फोडून काढलं जाई.

१९८२ मध्ये हे सगळं एका धर्मगुरूने लिहून काढलं. म्हणजे माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही. ते टिपण मोजक्या जाणत्यांनी वाचलं आणि पोलिसांकडे कुणी गेलं नाही. मुलांची अब्रू, शिबिरांचं नाव, देवाचं काम अशी कारणं अशा वेळी हाताशी असतातच. १९८४ मध्ये स्माइथ झिम्बाब्वेला गेला. नकोसा अधिकारी दूरच्या जिल्ह्यात गेला की आपल्याकडेही कचेऱ्या सुटकेचा नि:श्वास टाकतात. त्या जिल्ह्याचं काय, हे कोण विचारतो? तिथे पुन्हा शिबिरं, पुन्हा मारहाण. १९९२ मध्ये १६ वर्षांचा एक मुलगा शिबिराच्या पोहण्याच्या तलावात मृत सापडला. खटला उभा राहिला आणि कोसळला. स्माइथ दक्षिण आफ्रिकेत सरकला आणि २०१८ मध्ये तिथेच मेला, एकदाही दोषी न ठरता. अहवालाच्या मते शंभराहून अधिक मुलगे आणि तरुण त्याच्या तावडीत सापडले होते.

वेल्बींना हे २०१३ मध्ये कळलं होतं. पोलिसांना कळवलं आहे असं आपल्याला सांगण्यात आलं, हा त्यांचा खुलासा. तो खोटा मानायचं कारण नाही. पण शिपायाला सांगितलंय, तो बघेल, एवढ्यावर सरपंच तरी सुटतो का?

राजीनाम्याने गादी रिकामी झाली, व्यवस्था बदलली नाही. डिसेंबरमध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सच्या भाषणात वेल्बींनी आपल्या डायरी सांभाळणाऱ्या सचिवाच्या वाया गेलेल्या मेहनतीवर विनोद केला. पीडित संतापले, तेव्हा दुसऱ्या दिवशी माफी मागितली.

खरी कसोटी फेब्रुवारी २०२५ मध्ये होती. मुलांच्या सुरक्षेचं सगळं काम चर्चच्या हातून काढून बाहेरच्या स्वतंत्र संस्थेकडे द्यायचं का, हा प्रश्न जनरल सिनॉड या चर्चच्या धर्मसभेपुढे आला. सोसायटीचे हिशेब तपासायला चेअरमनने आपलाच मेहुणा नेमला तर सभासद दंगा करतील. सिनॉडने मधला मार्ग काढला: राष्ट्रीय पातळीवरची यंत्रणा बाहेर न्यायची, धर्मप्रांतांतले कर्मचारी मात्र तूर्त जिथे आहेत तिथेच राहायचे. म्हणजे पाळकाविरुद्धची तक्रार ऐकणाऱ्याचा पगार अजून त्याच धर्मप्रांतातून निघतो.