कॉफी सांडली, हसं कुणाचं झालं?

कॉफी सांडली आणि म्हातारी करोडपती झाली, हा अमेरिकन किस्सा आपल्याकडेही चवीनं सांगितला जातो. लोक काय, कशावरही कोर्टात जातात, असा त्याचा सूर. किस्सा खोटा नाही, अर्धा आहे. गाळलेला अर्धा नेमका कॉफी विकणाऱ्या कंपनीला अडचणीचा.

फेब्रुवारी 1992, न्यू मेक्सिकोतलं अल्बुकर्की. 79 वर्षांच्या आजीबाई नातवाच्या गाडीत बाजूच्या सीटवर बसलेल्या. गाडी उभी होती (त्या स्वतःच गाडी चालवत होत्या, असं छातीठोकपणे सांगणारे मला बरेच भेटलेत). दूध-साखर घालायला मॅकडोनाल्ड्सचा कप गुडघ्यांत धरून झाकण ओढलं आणि कप कलंडला. कॉफी 82 ते 88 अंश सेल्सिअसच्या घरातली. ती ट्रॅक पँटमध्ये मुरली आणि कापड कातडीला चिकटून राहिलं. मांड्या, जांघा खोलवर भाजल्या. आठ दिवस इस्पितळ, त्वचारोपण.

आजीबाईंनी 20 हजार डॉलर मागितले. कंपनीनं 800 देऊ केले. कोर्टाची पायरी त्यानंतरची.

1994 मध्ये खटला उभा राहिला, तेव्हा सांडलेल्या कॉफीसाठी आपल्याला कशाला बोलावलं, असं ज्युरीतल्या एकाला वाटलं होतं. मग कंपनीचीच कागदपत्रं समोर आली: दहा वर्षांत भाजल्याच्या 700 हून अधिक तक्रारी. कंपनीनं आणलेल्या तज्ज्ञानं साक्षीत सांगितलं की, खपलेल्या कपांच्या मानानं हा आकडा किरकोळ आहे. तिथं ज्युरी फिरली. 20 टक्के चूक आजीबाईंचीही धरून तिनं भरपाई दोन लाखांवरून 1 लाख 60 हजारांवर आणली आणि वर 27 लाख डॉलर दंड ठोकला. कंपनीची साधारण दोन दिवसांची कॉफीची विक्री! न्यायाधीशांनी तो 4 लाख 80 हजारांवर आणला. पुढे कोर्टाबाहेर तडजोड झाली, रक्कम गुप्त.

जगभर पोचले ते 27 लाख. कपात कुठंतरी आतल्या पानात. बातमीदाराला मी फार दोष देत नाही. मोठा आकडा मथळ्यात बसतो, त्वचारोपण बसत नाही. 1995 मध्ये ‘साइनफेल्ड’ मालिकेनं त्यावर विनोदी कथानक बेतलं. पण या हशाला खतपाणी घालणारे वेगळे होते. नुकसानभरपाईच्या दाव्यांना लगाम घाला, म्हणून झटणारी अमेरिकन टॉर्ट रिफॉर्म असोसिएशन 1986 पासूनच कामाला लागली होती, आणि तिच्यामागे बड्या कंपन्या होत्या. त्यांना हवा होता तसा किस्सा आयता हाती आला. अशा दंडावर मर्यादा घालणारं विधेयक अमेरिकी संसदेनं संमतही केलं; राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी 1996 मध्ये ते नाकारलं म्हणून अडलं.

राज्यांत मात्र अडलं नाही. डॉक्टरच्या हलगर्जीपणानं आयुष्यभराचं अपंगत्व आलं, तरी वेदनेपोटी त्या डॉक्टरकडून जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर, असा कायदा टेक्सासनं 2003 मध्ये केला. अशा मर्यादांचा मार्ग मोकळा करणारी घटनादुरुस्ती तिथल्या मतदारांनीच मंजूर केली.