वाटाड्या डब्यात, की पेटीत?

2025 च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके आणि रेल्वेस्थानके येथून भटकी कुत्री हलविण्याचा आदेश दिला. तेव्हापासून स्थानक आणि कुत्रे हे दोन शब्द एकत्र उच्चारले की वादास तोंड फुटते. त्या वादात आम्ही आज शिरत नाही. आम्हांस लिहावयाचे आहे ते अशा श्वानाविषयी, की जो स्थानकावर भटकत येत नाही, तर आपल्या अंध धन्याला घेऊन येतो. आणि तरीही ज्याची गाडीतील जागा आपण अद्याप नीटशी ठरविलेली नाही.

आपल्या रेल्वेचा श्वानांविषयीचा सामान्य नियम असा : कुत्रे जवळ ठेवावयाचे असेल तर वातानुकूलित पहिल्या वर्गातील दोन शायिकांचे कूपे किंवा चार शायिकांची केबिन संपूर्ण आपल्यासाठी राखून घ्यावी, ते परवडत नसल्यास कुत्र्याची रवानगी गार्डाच्या डब्यातील पेटीत करावी. (गार्डास 2022 पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात, पेटी मात्र पेटीच राहिली आहे.) वातानुकूलित दुसरा व तिसरा वर्ग, शयनयान आणि साधा दुसरा वर्ग येथे कुत्र्यास मज्जाव आहे. हौशी गृहस्थाच्या लाडक्या कुत्र्यापुरता हा नियम आम्हांस मुळीच गैर वाटत नाही.

परंतु हीच रेल्वे पूर्णतः अंध प्रवाशास शयनयानात व दुसऱ्या वर्गात भाड्यात तीन चतुर्थांश सवलत देते आणि त्याच्या मदतनिसासही तितकीच देते. म्हणजे अशा प्रवाशास सोबत लागते, हे तिने केव्हाच मान्य केले आहे. मग सोबती चार पायांचा निघाला एवढ्यावरून त्याला पेटीत घालावयाचे काय? मनमाडला उतरणाऱ्या एखाद्या अंध प्रवाशाची कल्पना करावी. तो मधल्या डब्यात, त्याचे डोळे गाडीच्या टोकाशी. ते परत मिळविण्यासाठी फलाटभर चालत जावयाचे, आणि तेही त्यांच्यावाचूनच!

ह्या श्वानाचे काम आपल्याकडे फारसे कोणी पाहिलेले नसल्यामुळे त्याविषयी गैरसमज पुष्कळ आहेत. कोठे जावयाचे हे त्याला ठाऊक नसते; ते धन्याला ठाऊक असते. वाटेतला खड्डा, खांब, पायरी, समोरून येणारी हातगाडी, फलाटाची कड, हे पाहणे त्याचे काम. धन्याने ‘पुढे’ म्हटले आणि पुढे धोका असला तर तो आज्ञा मोडून जागीच उभा राहतो; शिक्षणाचा सर्वांत कठीण भाग हाच. आम्ही वर्गात मुलांना वर्षानुवर्षे आज्ञापालन शिकविले; आज्ञा केव्हा मोडावी हे शिकविणे आम्हांस काही साधले नाही. गाडीत असा श्वान धन्याच्या पायांशी, आसनाखाली निमूट पडून राहतो.

अमेरिकेतील नॅशव्हिलचा मॉरिस फ्रँक हा अंध तरुण 1928 साली स्वित्झर्लंडहून ‘बडी’ नावाचा असाच शिकविलेला श्वान घेऊन परतला, आणि पुढल्याच वर्षी त्या देशात ह्या शिक्षणाची संस्था निघाली. 1935 पर्यंत तेथील रेल्वे कंपन्यांनी अशा श्वानास धन्याजवळ, प्रवाशांच्याच डब्यात राहू देण्याचे धोरण स्वीकारले. जपानने 2002 साली कायदाच केला : अंधाचा वाटाड्या, बहिऱ्याला आवाजाची सूचना देणारा आणि हातापायांनी अधू असलेल्याला मदत करणारा, ह्या तिन्ही प्रकारच्या श्वानांना सार्वजनिक वाहनांत नाकारता येत नाही; मात्र श्वानाच्या अंगावर खूण आणि धन्याजवळ कागदपत्रे असली पाहिजेत.

आक्षेप आहेत, आणि ते सगळेच पोकळ नाहीत. कुत्र्याची भीती खरी असते. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याने माणसे दगावतात त्या देशात तर ती अधिकच खरी. लबाडीची शंकाही रास्त आहे. उद्या कोणीही आपल्या पॉमेरेनियनला पट्टा बांधून ‘सेवक’ म्हणू लागेल. जपानी पद्धत आम्हांस पसंत आहे ती ह्याच कारणाने. शिक्षणाचा दाखला आणि लसीकरणाची नोंद मागण्यात कोणाचा अपमान होत नाही. भीती वाटणाऱ्या सहप्रवाशास दुसरी जागा द्यावी. येथे धर्मराजाच्या श्वानाची गोष्ट सांगण्याचा मोह आम्ही आवरतो. तो प्रश्न करुणेचा होता, हा प्रवासाच्या हक्काचा आहे.

असे श्वान आपल्याकडे आहेतच किती, असे अधिकारी म्हणतील. फारच थोडे आहेत, हे खरे. पण 2011 च्या जनगणनेत दृष्टिदोष असलेल्यांची संख्या 50 लाखांवर होती. ज्या श्वानास गाडीत प्रवेश नाही, तो शिकविण्याचा खर्च कोणी आणि कशासाठी करावा? 2016 चा दिव्यांग हक्क कायदा वाजवी सोयी देण्यास सांगतो. त्यात श्वानाचा नामनिर्देश नसला तरी त्याला आडकाठीही नाही.

रेल्वे मंडळाने एक स्पष्ट परिपत्रक काढावे : दाखला असलेल्या सहायक श्वानास कोणत्याही वर्गात, धन्याच्या खालच्या शायिकेजवळ, विनाभाडे जागा. आणि ते प्रत्येक तिकीट तपासनिसाच्या हाती पोहोचले की नाही हेही मंडळानेच पाहावे. कारण रात्री अकरा वाजता डब्याच्या दाराशी अंध प्रवाशाची गाठ पडते ती मंडळाशी नव्हे, तपासनिसाशी.