सहजतेचे सोंग

लग्नाच्या छायाचित्रांत 'पोज' म्हणजे खोटे आणि 'कॅन्डिड' म्हणजे खरे, हे समीकरण आता इतके रुळले आहे की त्याला कुणी पुरावा मागत नाही. छायाचित्रकारांच्या दरपत्रकात 'ट्रॅडिशनल' आणि 'कॅन्डिड' असे दोन वेगळे रकाने असतात, आणि दुसऱ्यातला आकडा बहुधा मोठा असतो. बेसावधपणाला असा भाव यावा याचे आम्हांला नवल वाटत नाही. साहित्यातही 'सहज', 'उत्स्फूर्त', 'अकृत्रिम' ही विशेषणे आपण कित्येक पिढ्या अशीच, न तपासता, वाटत आलो आहोत. म्हणूनच हा विषय केवळ छायाचित्रकारांवर सोडून देता येत नाही.

शब्दच पाहा. लॅटिन 'कॅन्डिडस' म्हणजे पांढराशुभ्र. प्राचीन रोममध्ये निवडणुकीला उभा राहणारा मनुष्य खडूने उजळ केलेला टोगा पांघरून मते मागत फिरे. इंग्रजीतला 'कॅन्डिडेट' तिथूनच आला. मनमोकळेपणा आणि रंगसफेदी अशी एकाच घरात नांदते. (व्युत्पत्तीवरून काही सिद्ध होत नाही, हे आम्ही वर्गात दरवर्षी सांगतो, इथे मोह आवरला नाही.)

या छायाचित्रणाचा उगम कुठला, हे आपण विसरलो आहोत. १९२०च्या दशकाच्या अखेरीस एरिक सालोमन हा जर्मन छायाचित्रकार लपवलेला कॅमेरा घेऊन न्यायालयांत आणि राजनैतिक परिषदांत शिरला. पेंगणारे मंत्री, कुजबुजणारे मुत्सद्दी त्याने टिपले. ज्यांचा सार्वजनिक चेहरा हाच एक मुखवटा होता, त्यांना बेसावध गाठण्यात अर्थ होता. सत्तेवर ठेवलेली ती नजर होती. (सालोमनचा शेवट १९४४ साली आउश्वित्झमध्ये झाला.) आंरी कार्तिए-ब्रेसाँचे १९५२चे पुस्तक आपल्याकडे 'निर्णायक क्षण' या अर्थाच्या इंग्रजी शीर्षकाने ओळखले जाते. मूळ फ्रेंच शीर्षकाचा रोख मात्र घाईघाईने, चोरटेपणाने उचललेल्या चित्रांकडे आहे. मंत्र्यावर वापरायचे हे हत्यार नवरीच्या मावशीवर का रोखायचे? तिने कोणते गुपित दडवले आहे?

शिवाय ही सहजता घडते कशी? जोडप्याला 'माझ्याकडे बघू नका, एकमेकांशी बोला' असे सांगितले जाते, आणि तेच हसू चार वेळा हसवून घेतले जाते. गुरुजींना थांबवून मंगळसूत्र पुन्हा बांधायला लावतात. ज्याला आपण बेसावध क्षण म्हणतो, ती पुष्कळदा एक पोजच असते. फक्त तिने कॅमेऱ्याकडे पाठ फिरवलेली असते. जुन्या स्टुडिओतला रंगवलेला पडदा निदान आपण पडदा आहोत हे कबूल करीत असे.

उलट, विधीला पोजचे वावडे कधीच नव्हते. अंतरपाट ही काय गोष्ट आहे? दोघांमध्ये कापड धरायचे, मंगलाष्टके संपेपर्यंत धरून ठेवायचे, आणि नेमक्या वेळी दूर करायचे. सूनमुख पाहताना सासूने आरशातच पाहायचे. नजर कधी, कुठून, कोणावर पडावी हे ठरवून दिलेले आहे, आणि ते ठरलेले आहे म्हणूनच त्या नजरेत काही भरते.

सैद्धांतिक आधार हवाच असेल तर रोलाँ बार्तच्या १९८०च्या पुस्तकाकडे जावे. आईच्या मृत्यूनंतर तो तिची छायाचित्रे चाळतो, आणि ती त्याला सापडते १८९८ सालच्या एका छायाचित्रात, पाच वर्षांची, भावाशेजारी उभी. ते बेसावध क्षणी काढलेले नाही. जरा पुढे हो, म्हणजे दिसशील, असे छायाचित्रकाराने तिला सांगितले असावे, अशी बार्तची कल्पना आहे. मूल सांगितले तसे उभे राहिले, आणि त्या उभे राहण्यात त्याला तिचा सगळा स्वभाव दिसला. ते छायाचित्र त्याने पुस्तकात छापलेही नाही. आजच्या रिवाजाच्या दोन्ही बाजूंनी हे उलट आहे.

पिएर बोर्द्यूने १९६५ साली बेआर्नच्या शेतकऱ्यांबद्दल लिहिले, की कॅमेऱ्यासमोर ताठ, समोरासमोर उभे राहणे हा त्यांचा अडाणीपणा नसून सन्मानाची भाषा आहे: मी तुला पाहतो, तूही मला नीट पाहा. आपल्याला हे परके वाटू नये. देवळातली मूर्ती समोरून पाहते. तमाशातला सोंगाड्या प्रेक्षकांच्या डोळ्याला डोळा देऊन बोलतो. चौथी भिंत ही आपल्याकडे बरीच उशिरा आलेली पाहुणी.

जुना समूह-फोटो निर्दोष होता असे आम्ही म्हणत नाही. खुर्च्यांवर पुरुष, मागे उभ्या सुना, आणि विधवा आत्या चौकटीबाहेर. पण ही क्रूरता वाचता येते. रांग आहे म्हणून रिकामी जागा दिसते, आणि नात दहा वर्षांनी विचारू शकते की आत्याआजी कुठे आहे. कॅन्डिड अल्बममध्ये हा प्रश्नच उपजत नाही. मोठ्या छिद्राच्या लेन्सने नवरीची पापणी लख्ख येते आणि तिच्या मागचे सगळे गोत प्रकाशाच्या गोल ठिपक्यांत विरघळते. ३६ चित्रांच्या रोलमध्ये गावाकडच्या काकांची पाळी येई. आता हजारो चित्रांत ते कुणाच्या तरी खांद्यामागचा धूसर फेटा होऊन राहतात. त्यांना कुणी वगळलेले नाही. ते फक्त देखणे नव्हते.

आणि पाठवणीचे काय? मुलीला निरोप देऊन बाप मांडवाच्या खांबाआड जाऊन रडतो, कारण त्याला चारचौघांत रडायचे नसते. लांब पल्ल्याची लेन्स तिथेही पोचते, आणि आठवड्याभरात ते रडे मोबाइलवरून पाचशे जणांत फिरते. या चित्राला खरे म्हणतात. खांबाआड जाण्याचा निर्णयही त्या माणसाचाच होता, आणि आमच्या दृष्टीने तोही तितकाच खरा होता.

छायाचित्रकाराला एवढेच सांगावे: अर्धा तास थांबा, सगळ्यांना मांडवात बोलवा, आत्यांना पुढच्या खुर्चीवर बसवा, आणि समोर पाहा म्हणा. नंतर कुणीतरी मागे नावे लिहील, डावीकडून उजवीकडे.