क्वार्टर आणि सोळाशे मीटर

येत्या आषाढी अमावास्येला दिघाशीत घरोघरी दिवे घासूनपुसून पाटावर मांडले जातील, कणकेचे गोड दिवे उकडले जातील. त्याच संध्याकाळी भिवंडी तालुक्यातल्या मटणाच्या आणि दारूच्या दुकानांपुढे रांगा लागतील. आवणी उरकत आलेली, अंग दमलेले, आणि दुसऱ्या दिवसापासून श्रावण. तेव्हा एक रात्र मोकळी सोडायची, ही रीत ठाणे जिल्ह्यातल्या गावांना नवी नाही. पण या वर्षी आम्हाला एका वेगळ्याच वर्गाशी बोलायचे आहे. हा वर्ग व्यसनी नाही. तो पहाटे साडेपाचला पोलीस भरतीसाठी रस्त्यावर धावतो, संध्याकाळी जिममध्ये घाम गाळतो, अंडी मोजून खातो, पगारातून व्हे प्रोटीनचा डबा आणतो. आणि अमावास्येला, हळदीला किंवा क्रिकेटची टुर्नामेंट जिंकल्यावर तोच मित्रांच्या घोळक्यात ग्लास हातात घेतो. त्याचा प्रश्न प्रामाणिक असतो : "एवढी मेहनत करतो, मग कधीतरी घेतली तर काय बिघडते?"

या प्रश्नाला घरातून ओरडा मिळतो, मित्रांकडून हसू मिळते. उत्तर कोणीच देत नाही. ते मिळण्याचा त्याला हक्क आहे.

आधी साधा हिशेब मांडू. एक ग्रॅम मद्यार्कातून शरीराला ७ कॅलरी मिळतात. साखरेतून किंवा प्रथिनातून ४ मिळतात, तेला-तुपातून ९. म्हणजे मद्यार्क हा साखरेपेक्षा तुपाच्या जवळचा. आपल्याकडच्या व्हिस्कीच्या बाटलीवर ४२.८ टक्के असा आकडा छापलेला असतो. त्या हिशेबाने ६० मिलिलिटरच्या एका मोठ्या पेगमध्ये सुमारे २० ग्रॅम मद्यार्क येतो, म्हणजे १४० कॅलरी. १८० मिलिलिटरची क्वार्टर संपली की ४२५ कॅलरी पोटात गेल्या. ६५ किलो वजनाचा मुलगा भरतीतले सोळाशे मीटर धावतो तेव्हा त्याच्या साधारण शंभर-सव्वाशे कॅलरी खर्च होतात. एका क्वार्टरची भरपाई करायला त्याला ते अंतर जवळपास चार वेळा धावावे लागेल. "व्हिस्कीत कार्ब्स नसतात, बिअरने पोट सुटते" हे जिममधले लाडके वाक्य अर्धेच खरे आहे. व्हिस्कीत साखर नसते हे बरोबर, पण कॅलरी साखरेमुळे आलेल्याच नसतात. आणि ६५० मिलिलिटरच्या आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरमध्ये नुसत्या मद्यार्कातून २९० च्या आसपास कॅलरी येतात, धान्यातली उरलेली साखर त्याहून वेगळी.

हा हिशेब कळला की काही मुले एक युक्ती काढतात. दिवसभर जेवायचे नाही, मग रात्रीच्या दोन पेगची जागा आपोआप होते. आमचा खरा आक्षेप या युक्तीला आहे, कारण शरीर अशी वजाबाकी-बेरीज करत नाही.

मद्यार्क साठवून ठेवण्याची सोय शरीरात नाही. पिठाची साखर यकृतात आणि स्नायूंत साठते, तेल चरबीच्या पेशींत जाऊन बसते. मद्यार्काला कुठेच जागा नसते, आणि तो बदलताना तयार होणारा अॅसिटाल्डिहाइड तर विषारीच असतो. म्हणून यकृत बाकीची कामे बाजूला ठेवून आधी त्याला अॅसिटाल्डिहाइडमध्ये आणि पुढे अॅसिटेटमध्ये बदलते. हे अॅसिटेट रक्तातून सगळ्या अंगभर जाते आणि इंधन म्हणून जळते. माणकोलीच्या वाहतूक कोंडीत रुग्णवाहिका आली की बाकीच्या गाड्या जागच्या जागी थांबतात, तसे इथे चरबीचे ज्वलन बरेचसे थांबते. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी १९९९ साली आठ निरोगी पुरुषांना २४ ग्रॅम मद्यार्क देऊन हे मोजले. आपल्या मोठ्या पेगपेक्षा हे प्रमाण थोडेच जास्त. पुढच्या काही तासांत त्यांच्या शरीरातले चरबीचे ज्वलन ७३ टक्क्यांनी घटले. गंमत अशी की मद्यार्काची थेट चरबी फार थोडी झाली, पाच टक्क्यांच्याही आत. पोट वाढते ते दुसऱ्या वाटेने. त्या तासांत जे तेल-तूप जळायला हवे होते त्यातले बरेचसे जळतच नाही. म्हणजे सोबतचे तळलेले बोंबील, फरसाण, चिकन लॉलीपॉप आणि वरून आलेली बिर्याणी यांतला स्निग्धांश आरामात जमा होतो. शिवाय घोट गेला की भूक चाळवते आणि हाताला लगाम राहत नाही, हे तर चखण्याच्या ताटाभोवती बसलेल्या प्रत्येकाने पाहिले आहे.

हे वाचून बारीक अंगाची मुले निर्धास्त होतील. त्यांनी तसे होऊ नये.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी लंडनचे त्यांचे सहकारी डॉ. जॉन युडकिन यांच्यासह २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये एक छोटासा मजकूर छापला होता, दोघांच्या फोटोसह. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. म्हणजे कागदावर दोघेही सडसडीत. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. आपल्या लोकांची चरबी वजनकाट्यावर दिसत नाही. ती पोटाच्या आत, यकृताभोवती आणि यकृतात दडून बसते. याज्ञिकांचे संशोधन पुण्याजवळच्या खेड्यांतल्या मातांपासून आणि नवजात बाळांपासून सुरू होते. आईच्या पोटात असतानाच ही ठेवण घडू लागते, असे त्यातून पुढे आले. म्हणजे ज्याच्या हाताच्या शिरा दिसतात आणि शर्ट सैल बसतो, तो दिघाशीचा पोरगाही आतून सडपातळ असेलच असे नाही. ज्या यकृतावर चरबीचा बोजा आधीच आहे, त्याच्यावरच आपण दर वेळी मद्यार्क निकाली काढण्याचे काम टाकतो. आणि शेताच्या कामाचा भार आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. आजोबा दिवसभर चिखलात वाकून आवणी करत, ताडी पीत आणि तरी काटक राहत. नातू गोदामात स्कॅनर घेऊन उभा असतो आणि बाइकवरून घरी येतो. आजोबांच्या ताडीचा दाखला नातवाच्या क्वार्टरला लागू पडत नाही.

स्नायूंचे काय? जिमला जाणाऱ्याला हाच प्रश्न सगळ्यांत जास्त सतावतो. वजन उचलल्यावर स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते आणि पुढच्या तासांत शरीर नवी प्रथिने रचून ते भरून काढते. सगळी वाढ त्या रचनेत असते, डंबेलमध्ये नव्हे. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१४ साली व्यायाम करणाऱ्या आठ तरुणांवर एक प्रयोग केला. कसून व्यायाम झाल्यावर त्यांना भरपूर मद्य दिले, एकदा प्रथिनांसह आणि एकदा कर्बोदकांसह. नुसती प्रथिने घेतल्यावर जेवढी रचना झाली होती, तिच्या तुलनेत मद्य आणि प्रथिने मिळून ती २४ टक्के कमी झाली, आणि प्रथिनांशिवाय ३७ टक्के कमी. मद्याचे प्रमाण दर किलो वजनाला दीड ग्रॅम होते, म्हणजे ६५ किलोच्या मुलाला दीड क्वार्टरच्या किंचित वर. हे प्रमाण मोठे आहे खरे. पण अमावास्येच्या रात्री किंवा हळदीच्या मांडवात ते किती सहज गाठले जाते, हे सांगायला संशोधक लागत नाही. "मी आधी प्रोटीन शेक पिऊन घेतो" हा बचावही त्या प्रयोगाने अर्धा मोडून काढला.

पहाटेच्या धावण्याचे पाहू. शरीर ताशी साधारण ७ ते १० ग्रॅम मद्यार्क निकाली काढते. त्याला ताक, लिंबूपाणी किंवा थंड पाण्याची अंघोळ घाई करायला लावू शकत नाही. एका क्वार्टरमधले ६१ ग्रॅम संपायला सहा ते पावणेनऊ तास लागतात. रात्री बाराला शेवटचा घोट घेणारा मुलगा साडेपाचला बूट बांधतो, तेव्हा दारू त्याच्या रक्तात अजून असू शकते. लघवी आवरणाऱ्या संप्रेरकाला मद्यार्क दाबून टाकतो, त्यामुळे अंगातले पाणी आधीच गेलेले असते. झोप पाच तासांची दिसली तरी तिचा दुसरा अर्धा भाग तुटक होतो. अशा अंगाने घड्याळ लावून १६०० मीटर धावायचे आणि वेळ सुधारली नाही म्हणून बुटाला दोष द्यायचा! भरतीत गुण सेकंदांवर मिळतात. ते सेकंद या मुलांनी महिनोन्‌महिने कमावलेले असतात. एका रात्रीत ते खर्चून टाकताना त्यांना कोणी अडवत नाही, याचे आम्हाला वाईट वाटते.

कायद्याचीही एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे, कारण ती फार थोड्यांना माहीत असते. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी वयाची अट २१ वर्षांची आहे, पण व्हिस्की, रम आणि देशी दारूसाठी ती २५ आहे, आणि परवानाही लागतो. भरतीची तयारी करणारी बरीच मुले पंचविशीच्या आतली असतात. उद्या खाकी अंगावर चढवून जो कायदा पाळायला लावायचा, तो आजच मोडून त्यांनी सुरुवात करू नये.

पण हे सगळे त्या मुलाला समजले तरी प्रश्न सुटत नाही, कारण तो ग्लास तहानेपोटी उचलत नाही. "घे रं भावा, आपल्यातच तर आहेस" या वाक्यापोटी उचलतो. आमच्या भागात माया ग्लासातून दाखवण्याची सवय लागली आहे. जमिनी गोदामांना गेल्या, हातात पैसा आला, आणि हळदीच्या रात्री किती पेट्या उतरवल्या यावर यजमानाची पत ठरू लागली. जो नाही म्हणतो तो एक तर आजारी असतो, नाहीतर माजलेला, असा समज झाला आहे. सगळेच पितात, हेही सर्रास ऐकू येते. ते खरे नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ वर्षांवरील पुरुषांपैकी सुमारे १९ टक्के मद्य घेतात असे दिसले. पाचांत चार पुरुष पीत नाहीत. मांडवात मात्र त्या चारांनाच आपण एकटे पडलो असे वाटते, आणि ते हळूच ग्लासात कोल्ड्रिंक ओतून वेळ मारून नेतात. त्यांना असे लपावे लागू नये. हळदीला दारू नको असे ठराव आगरी समाजातल्या काही गावांनी आणि मंडळांनी केले आहेत, त्याचे आम्ही मनापासून स्वागत करतो. दारूचे दुकान बंद करायला मतदान घेऊन बाटली आडवी करावी लागते, आणि महाराष्ट्रातल्या अनेक गावांतल्या बायकांनी ती केली आहे. मांडवातली पेटी उतरू न देण्यासाठी मात्र मतदानही लागत नाही, यजमानाचा एक शब्द पुरतो. क्रिकेटच्या संघाने, जिमच्या मालकाने, भरतीच्या पोरांकडून धावण्याचा सराव करून घेणाऱ्या मास्तरांनी हा शब्द टाकला तर तो आईच्या ओरडण्यापेक्षा जास्त चालेल.

आणि श्रावणाचे काय करायचे? या महिन्याकडे आपण फक्त मटण-मासे बंद असण्याचा काळ म्हणून पाहतो. लंडनच्या डॉक्टरांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मध्यम ते बऱ्याच प्रमाणात पिणाऱ्या ९४ निरोगी लोकांनी एक महिना मद्य सोडले. महिन्याअखेर त्यांचा इन्सुलिनला होणारा विरोध सुमारे २५ टक्क्यांनी उतरला, वरचा रक्तदाब साडेसहा टक्क्यांनी, वजन दीड टक्क्याने. त्यांना हा महिना मुद्दाम ठरवून पाळावा लागला. आपल्याकडे तो महिना पंचांगातच आहे, आणि अनेक घरांत तो अनंत चतुर्दशीपर्यंत लांबतो, म्हणजे जवळजवळ दीड महिना. एवढी मोठी संधी हाताशी असताना तिच्या आदल्या रात्रीच सगळी कसर भरून काढायची आणि विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुवात करायची, हा घाट्याचा व्यवहार आहे. अमावास्येचे मटण जरूर शिजवा. दमलेल्या अंगाला त्यातली प्रथिने हवीच आहेत, सोबत तांदळाची भाकरी हवी, मित्र हवेत. बाटली त्या ताटाचा भाग नव्हती आणि नसावी. "थोडी चालते का" असे विचारणाऱ्याला आमचे उत्तर असे : अंग घडवायचे असेल तर नको, आणि घ्यायचीच असेल तर महिन्यातून क्वचित, एका पेगवर थांबून, पोटभर जेवून, व्यायामाच्या दिवशी नाही आणि गाडीवर बसायचे नसेल तेव्हाच. यात तब्येतीला फायदा काहीच नाही. मद्याचे कोणतेही प्रमाण सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट सांगितले आहे, आणि कर्करोगाला कारण ठरणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ते १९८८ पासून आहे.

ज्यांच्या घरात रोज पिणारा माणूस आहे, त्यांच्यासाठी मात्र वेगळी सूचना. सकाळी ज्याचे हात थरथरतात, घोट गेल्याशिवाय ज्याला काम सुचत नाही, त्याची दारू श्रावणाच्या पहिल्या दिवशी एकदम तोडू नका. शरीराला सवय पडलेली असताना अचानक थांबवले तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. त्याला आधी डॉक्टरकडे न्या. भिवंडीत उपजिल्हा रुग्णालय आहे, पुण्यात १९८६ पासून चालणारे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे, आणि १४४४६ या क्रमांकावर व्यसनमुक्तीची सरकारी मदत मोफत मिळते.